झाड क्रमांक एकोणीस

नंदगडापासून बिडीपर्यंत एकेचाळीस रिठे.
छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, घेर लिहायचा,
खोडावर पिवळ्या रंगात आकडा घालायचा.
वहीत सतरा रकाने.
'स्थानिक नाव' या रकान्यात मी
सकाळी रिठा लिहितो, दुपारी अंटवाळ;
ज्याच्या बांधावर झाड, त्याच्या तोंडचं.

साहेब म्हणतात, श्रेष्ठ झाड फळावरून ओळखावं:
सालीत फेस किती, बीत तेल किती.
दोन्ही एका झाडात सहसा नांदत नाही.
जे फेसाळतं त्याची बी पोचट,
ज्याच्या बीत तेल त्याची साल कागदासारखी.
माणसांचंही
नको. साहेबांना असली वाक्यं चालत नाहीत.

फाल्गुनात फळं उतरली,
पाठीला पाठ लावून बसलेली तीन-तीन भावंडं.
गोण्या भरताना, फांद्या झोडपताना
आमच्या तोंडाला आला
तो फेस वेगळा. त्याला रकाना नाही.

इटगीच्या ओढ्यावर कल्लव्वा मडिवाळ.
हिनं उभ्या जन्मात साबणाची वडी
रेशमाला लावलेली नाही.
प्रत्येक झाडाची दोन टरफलं
रात्रभर तांब्यात भिजवते,
सकाळी तोंडावर तळवा ठेवून खळखळ हलवते,
फेस दगडावर ओतते
आणि एक इरकल धुवायला घेते.
ती पिळून होईतो 'नोरे' उभी राहिली,
तर झाड खरं.

आमच्याकडे काचेची नळी, पंधरा मिनिटं, मिलिमीटर.
चाळीस झाडांवर तिचं आणि नळीचं एकमत.
साहेब हसले, मग हसायचे थांबले.

भांडण फक्त एकोणिसावर.
सत्याप्पाच्या गोठ्यामागचं, एका अंगाला कललेलं,
बुंध्याला दावं घासून वळ पडलेला.
फेस मध्यम. तेल मध्यम. फळ वर्षाआड.
कल्लव्वा म्हणाली, हेच घ्या.
का?
ह्याची नोरे डोळ्यांत गेली तरी पोर रडत नाही.
सात नातवंडांची डोकी धुतलीत मी ह्याच्यावर.

शेरा लिहायला चार बोटं जागा होती.
मी लिहिलं, 'फेस मऊ.'
लाल शाईत खाली आलं:
मोजता येईल असं लिहावे.

निवडली गेली सात, सव्वीस आणि तेहेतीस.
त्यांच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून
पोरीला सासरी धाडावं तशा जीपनं गेल्या.
सत्याप्पानं विचारलं,
आमच्या झाडाचा नंबर लागला का हो?
म्हटलं, नंबर आहे, पण लागला नाही.
बरं झालं, म्हणाला, आता म्हैस कुठं बांधू ही काळजी मिटली.

मलाही आठ वर्षं झाली रोजंदारीवर.
माझाही नंबर आहे.
यादी दर मार्चला लागते, बोट खालपर्यंत फिरवून
मी सायकलला टांग मारतो.

रिठ्याची बी हट्टी. काळी, गोटीसारखी,
दगडावर घासा, पाण्यात ठेवा,
तरी महिना-महिना दार उघडत नाही.
एकोणिसाच्या पाच बिया माझ्या खिशात राहिल्या होत्या.
चोरल्या म्हणा.
रोपवाटिकेच्या नळाजवळ, जिथं तपासणीवाले वाकत नाहीत,
दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावल्या.
तीन कुजल्या. दोन उगवल्या.

फळ धरायला नऊ-दहा वर्षं.
तोवर मी इथं असेन, नसेन,
कल्लव्वाचे हात असतील, नसतील.
पण ओढ्यावरून गेलो की ती
पिळा हातात धरूनच ओरडते,
नोरे बंतेनु?

अजून कुठला फेस, मी म्हणतो.
चार पानं आलीत.
त्यातलं एक किड्यानं खाल्लंय.